पलंगाच्या बदल्यात एक भांडं

दवाखान्याचा पलंग घरी न्यायचा असेल तर घरातलं एक भांडं आमच्याकडे ठेवून जायचं, हा नियम माझा. मंडळाच्या कोणत्याही कागदावर तो लिहिलेला नाही, कारण कागद लिहिणाऱ्यांना तो कधी आवडला नाही. पण आठ वर्षं तो चालला आणि त्या आठ वर्षांत आमचा एकही पलंग बुडाला नाही, एकही चाकांची खुर्ची हरवली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात प्रत्येकाने बोट माझ्या नियमाकडे दाखवलं आणि स्वतःचे हात झटकले.

हिंगणघाटला माझं बारदान्याचं गोदाम आहे. बारदाना म्हणजे रिकामी पोती. मी हा धंदा सायकलवर सुरू केला. वडनेरच्या बाजूची गावं पालथी घालायची, फाटकी पोती गोळा करायची, रात्री बायकोने ती शिवायची आणि सकाळी मी ती विकायची. पोतं उन्हाकडे धरून त्यातली भोकं पाहायला मला कोणी शिकवलं नाही. माणसाकडे पाहायलाही कोणी शिकवलं नाही. दोन्ही एकाच पद्धतीने पाहतो, असं बायको म्हणते. म्हणू दे.

आमचं मंडळ म्हणजे साठी उलटलेली नऊ-दहा माणसं. काम एकच. आजारी माणसाला घरी लागणारं सामान, म्हणजे डोक्याकडून वर उचलता येणारे पलंग, चाकांच्या खुर्च्या, वॉकर, हवेच्या गाद्या, हे गरजूंना फुकट वापरायला द्यायचं आणि काम झालं की परत आणायचं. सामान ठेवायची जागा माझ्या गोदामातली. ते आणायला नागपूरला जाणारा मी. तिथल्या एका दुकानदाराशी भाव करताना मी तिसऱ्यांदा उठून दारापर्यंत गेलो तेव्हा त्याने हात जोडले आणि म्हणाला, काकाजी, तुम्ही धर्माचं काम करता की मला मारायचं. पलंग मात्र मी म्हणालो त्याच किमतीत दिले. तरीही गोदामाच्या दारावर जो फलक आहे त्यावर आमच्या अध्यक्षांच्या वडिलांचं नाव आहे, त्याखाली देणगीदारांची यादी आहे आणि तिच्यात मी नाही. विचारलं तर अध्यक्ष म्हणाले, तुम्ही जागा दिली, ती यादीत कशी लिहावी ते सुचलं नाही. निवृत्त मुख्याध्यापक आहेत. सदतीस वर्षं पोरांना निबंध लिहायला लावले आणि जागा कशी लिहायची ते सुचलं नाही.

अध्यक्षपद माझ्या वाट्याला यायचं होतं. तेही आलं नाही. कारण सांगितलं की मला माइकवर बोलता येत नाही. माझ्या हातात माइक एकदाच आला होता. तेव्हा पहिल्या रांगेत बसलेल्या पाहुण्यांच्या घरून आमची खुर्ची चाक मोडून परत आली होती, ते मी सांगितलं. खरं तेच सांगितलं. त्या दिवसापासून कार्यक्रमात माइक माझ्या पुढून जातो, माझ्याकडे येत नाही.

तर नियम. आधी आम्ही अनामत म्हणून थोडे पैसे घ्यायचो. लोक पैसे सोडून द्यायचे आणि सामान ठेवून घ्यायचे. एका गावात आमच्या चाकांच्या खुर्चीवर कडब्याच्या पेंढ्या लादून नेताना मी स्वतः पाहिलं. दुसरीकडे पलंगावर मिरच्या वाळत होत्या. तेव्हा मी विचार केला की घरातली कोणती वस्तू गेली तर घरची बाई माणसांना सुखाने जेवू देणार नाही. तिचं भांडं. त्यातही नाव घातलेलं. लग्नात आलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव ठोकलेलं असतं, ते बाजारात दुसरं मिळत नाही. मग मी सांगायला लागलो, पैसे नको, भांडं ठेवा. आजारी माणूस बरा झाला किंवा गेला, की आठ दिवसांच्या आत बाई नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या मागे लागायची, तो पलंग देऊन ये आणि माझं भांडं घेऊन ये. मी प्रत्येक भांड्याच्या कानाला चिंधी बांधायचो, चिंधीवर आकडा, तोच आकडा वहीत. मंडळाची माणसं याला गहाण म्हणत नाक मुरडायची, पण सामान परत आलं की फोटोत उभी राहायची.

मागच्या पावसाळ्यात अध्यक्षांनी युवा शाखा काढली. मला न विचारता. बैठकीला गेलो तर दहा-बारा पोरंपोरी एकाच रंगाचे टी-शर्ट घालून बसलेली. अध्यक्षांनी सांगितलं की जुन्यांचा अनुभव आणि नव्यांचा उत्साह आता हातात हात घालून काम करेल. गोदामाचं काम त्यांनी माझ्या सोबत करायचं ठरलं. हात कोणी घातला ते मला दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी पोरांनी किल्लीची नक्कल मात्र मागितली.

त्यांच्यात एक मुलगी होती, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. वडील मालवाहू गाडी चालवायचे. तीच सगळ्यांची म्होरकी. बोलायला नम्र, काकाजी काकाजी करायची आणि करायचं ते स्वतःच्या मनाचं. तिने माझी वही मोबाईलमध्ये उतरवली. पलंगांना चिकटपट्ट्या लावल्या. दर रविवारी ही पोरं ज्यांच्या घरी आमचं सामान आहे त्यांना फोन करून विचारायची, आजी कशी आहे, गादीत हवा आहे ना. हे चांगलं होतं. आम्हाला आठ वर्षांत सुचलं नव्हतं. पण चांगल्या कामाचे ते इतके फोटो काढायचे की काम करायला उभं राहायला जागा उरायची नाही. मी पलंग उचलायला वाकलो की कोणीतरी म्हणायचं, काकाजी, एक मिनिट, तसंच वाकून राहा.

माझी नि तिची पहिली खडाजंगी चिंध्यांवरून झाली. तिला त्या घाण वाटायच्या. मी म्हणालो, घाण आहेत पण सुटत नाहीत. ती म्हणाली, चिकटपट्टी लावू. मी म्हणालो, पितळेवर चिकटपट्टी टिकत नाही. ती गप्प बसली. मला वाटलं, पटलं.

दिवाळीच्या आधी एका सकाळी वडनेरहून एका घरच्या मुलाचा फोन आला. त्याचे वडील आमच्या पलंगावर पाच महिने होते, ते गेले होते. तेरवी झाली की पलंग आणून देतो, आईही सोबत येते म्हणते, तिच्या गुंडासाठी. आमच्याकडे पाणी भरायच्या मोठ्या पितळी घागरीला गुंड म्हणतात.

तो गुंड मला चांगला आठवत होता. ही बाई पलंग न्यायला आली तेव्हा तिने पिशवीतून जर्मनचं गंज, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं, काढून माझ्यापुढे ठेवलं होतं, जुनं, काळं पडलेलं. मी ते पाहिलं आणि परत सरकवलं. म्हणालो, याच्यासाठी तुम्ही परत येणार नाही. घरी पाणी कशात भरता? तिने सांगितलं, गुंड आहे, मायनं देल्ला, तिचं नाव आहे त्यावर. मी म्हणालो, तोच आणा. ती दुसऱ्या दिवशी बसने गुंड मांडीवर घेऊन आली. ठेवताना हात काढेना. तेव्हा मी तिला शब्द दिला. "हा इथून हलणार नाई. माझ्या जबानीवर ठेवा." नवरा आजारी असलेल्या बाईशी मी भाव केला, हे आज लिहिताना बरं वाटत नाही. पण केला, आणि तेव्हा तो बरोबरच वाटला होता.

फोन आल्यानंतर दोन दिवसांनी मी बायकोला घेऊन केळझरला गणपतीच्या दर्शनाला गेलो, तिच्या माहेरी मुक्काम केला आणि परत आलो. गोदाम उघडलं तर भांड्यांचा रॅक रिकामा. नुसता रिकामा नाही, पुसलेला. वर्तमानपत्र अंथरलेलं. आणि खाली कोपऱ्यात माझ्या सोळा चिंध्यांचा गोळा.

मी त्या मुलीला फोन केला. काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. ती सायकल दामटत आली. हळूहळू जे कळलं ते असं. वडनेरच्या रस्त्यावर एक वीटभट्टी आहे. तिथल्या मजुरांना युवा शाखेने जुने कपडे, स्वेटर, कांबळी आणि भांडी वाटायचा कार्यक्रम ठरवला होता. भांड्यांसाठी तिने अध्यक्षांना विचारलं. गोदामात कोपऱ्यात लोकांनी दिलेल्या जुन्या भांड्यांचं एक पोतं होतं, अध्यक्षांच्या मनात ते. पण ते फोनवर एवढंच म्हणाले, गोदामातली भांडी घ्या. पोरांनी पोतंही घेतलं आणि रॅकही.

मी म्हणालो, प्रत्येक भांड्यावर नाव आहे, दिसलं नाही काय तुले?

"नावं होती म्हणूनच तर, काकाजी," ती म्हणाली. "आम्हाले वाटलं, देणाऱ्याचं नाव आहे. देवळातल्या पंख्यावर राह्यते ना, तसं."

खरं सांगायचं तर चूक समजण्यासारखी होती. आमच्याकडे देवळातला पंखा फिरतो तेव्हाही त्याच्या पात्यावरचं नाव वाचता यावं अशी व्यवस्था असते. बाकावर नाव, पाणपोईवर नाव, स्मशानातल्या शेडवर नाव. या पोरांनी जन्मापासून नाव म्हणजे देणगी एवढंच पाहिलं. त्यामुळे त्यांनी काय केलं, तर भट्टीवर माइक लावून एकेक भांडं वाटताना त्यावरचं नाव वाचून दाखवलं आणि आभार मानले. टाळ्या वाजवल्या. मग ती सगळी नावं एका रंगीत चित्रात लिहून मोबाईलवर सगळीकडे पाठवली, वर 'आमचे दानशूर'. ज्यांच्या घरी माणूस अंथरुणावर पडलेला आहे, ज्यांनी नाइलाजाने माझ्याकडे भांडं ठेवलं, ती सोळा घरं दानशूर झाली. मी मात्र गोदाम देऊन आठ वर्षांत झालो नाही.

संध्याकाळी अध्यक्षांकडे गेलो. ते म्हणाले, पोरांचा हेतू चांगला होता, त्यांचा उत्साह मारू नका. आणि मुळात भांडी ठेवून घ्यायची ही प्रथाच योग्य नव्हती. मी विचारलं, वडनेरची बाई चार-पाच दिवसांनी येते, तिला काय दाखवू, पोरांचा हेतू? ते म्हणाले, तिला नवीन घेऊन देऊ, मंडळ खर्च करेल. मी उठून आलो. नवीन गुंडावर तिच्या मायचं नाव कोण घालणार होतं?

दुसऱ्या दिवशी पोरांना नवी स्टीलची भांडी घेऊन भट्टीवर पाठवलं. बदलून आणा म्हटलं. दुपारपर्यंत पंधरा भांडी परत आली. लोकांनी कुरकुर केली नाही, नवं मिळत होतं. गुंड तेवढा आला नाही. तो ज्या बाईला मिळाला होता तिने पोरांना झोपडीच्या पुढे बसवून पाणी पाजलं आणि परत पाठवलं.

तिसऱ्या दिवशी मी स्वतः निघालो. त्या मुलीला स्कूटरवर मागे बसवलं, तिच्या मांडीवर झाकणासकट मोठा स्टीलचा हंडा. रस्ताभर तिला शिकवत गेलो. आपल्याला गरज आहे हे दिसू द्यायचं नाही. वस्तूकडे आधी पाहायचं नाही. दोष काढायचे. आणि मी बोलत असताना तू तोंड उघडायचं नाही. ती हो जी, हो जी करत होती.

बाई भट्टीच्या कडेच्या झोपडीत राहायची. पस्तिशीची असेल, हात कोपरापर्यंत मातीने माखलेले. घरात आपसात गोंडी बोलायचे, आमच्याशी मराठी. गुंड दारातच होता, तीन विटांवर, अंगाला ओलं फडकं गुंडाळलेला, तोंडावर पालथा पेला. मी आधी हवापाण्याचं बोललो, भट्टी कधी पेटणार ते विचारलं. मग सहज म्हणालो, पाणी थंड राहतं का यात?

"पिऊन पाहा," ती म्हणाली.

प्यालो. थंड होतं. मी म्हणालो, बूड चेपलेलं दिसतं. जुना आहे. आमच्या पोरांनी घाईत तुम्हाला जुनी वस्तू दिली, म्हणून हा नवा आणला, झाकण आहे, हलका आहे, डोक्यावरून न्यायला बरा. ती हंड्याकडे पाहत राहिली, बोटाने वाजवून पाहिला आणि खाली ठेवला.

"जुना हाय, चेपला हाय," ती म्हणाली, "अन् दोघं दोघं स्कुटरवर त्याले न्याले आले." मग हसली. "पितळ हाय ना जी. मोडीत काय भाव हाय, ठाऊक हाय मले."

मी दोन हंडे म्हणालो. ती म्हणाली, दोन काय करू, मटका एकच भरते. मी उठलो, स्कूटरपर्यंत गेलो. नागपूरच्या दुकानदाराला हात जोडायला लावणारा माझा हा डाव. मागून कोणी हाक मारली नाही. वळून पाहिलं तर ती विटांची माती तुडवायला निघाली होती आणि माझी शिष्या जागची हलली नव्हती. तीच बोलायला लागली.

"ताई, हा गुंड आमचा नव्हताच. दुसऱ्याचा ठेवलेला होता, आम्ही न इचारता तुम्हाले देऊन टाकला. ज्या बाईचा आहे तिचा नवरा वारला. उद्या तेरवी आहे. तिच्या मायचं नाव आहे यावर."

मी धावत परत आलो आणि तिच्या पायावर पाय दिला, तरी ती वाक्य पूर्ण करूनच थांबली. सौदा तिथेच संपला होता. समोरच्याला आपली निकड कळली की भाव त्याच्या हातात जातो, हे मी चाळीस वर्षांत शिकलो आणि हिने चार वाक्यांत घालवलं. बाई चालता चालता थांबली. मग माझ्याकडे वळली.

"मंग हे तुम्ही पैले काऊन नाई सांगतलं?"

तिने आपल्या पोरीला हाक मारून गोंडीत काहीतरी सांगितलं. पोरीने पेला उचलला, गुंडातलं पाणी बादलीत ओतलं. मी हात पुढे केला तर ती बाई आडवी आली. म्हणाली, असा नेऊ देणार नाही.

मी मनात म्हटलं, आली भावावर. पण तिला भाव नको होता. ती म्हणाली, "तुम्ही माइकवर देल्ला, सगळ्याइच्या समोर. माह्या पोरीचा त्यासंगं फोटू काढला. आता तुम्ही स्कुटरवर घालून नेसान, अन् लोक म्हनतीन, चोरीचा होता, मालक येऊन घेऊन गेला. जसा देल्ला तसा न्या. सगळ्याइले सांगून."

मी म्हणालो, सांगतो मुकादमाला. ती म्हणाली, मुकादमाला नाही, सगळ्यांना. मुलीने विचारलं, काकाजी, मी सांगू का? बाई म्हणाली, तू नाई माय, हे म्हातारे सांगतीन. तुहं ऐकून लोक हसतीन.

जेवायच्या सुट्टीत मुकादमाने माणसं बोलावली. वीस-पंचवीस असतील, बायका, पोरं धरून. मागच्यांना दिसत नाही म्हणून मला कच्च्या विटांच्या थप्पीवर नाही, पक्क्या विटांच्या थप्पीवर चढवलं. कच्च्या मोडल्या असत्या तर त्याही मला भरून द्याव्या लागल्या असत्या, हे मुकादमाने आधीच सांगितलं. माइकवर कधी बोलायला मिळालंच तर काय बोलायचं ते माझं बरंच ठरलेलं होतं. फलकाबद्दल, यादीबद्दल, नागपूरच्या पलंगांबद्दल. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

मी म्हणालो, "हा गुंड या बाईनं मागितला नव्हता. आम्हीच देल्ला. तो आमचा नव्हता. चूक आमची आहे, हिचा काई दोष नाई. आता आम्ही परत मागून राह्यलो अन् ही आपल्या मनानं देऊन राह्यली. कोनी हिले काई बोललं तर माझ्याशी गाठ आहे."

टाळी वाजली नाही. एका म्हाताऱ्याने खालून विचारलं, कांबळ पण परत न्याल का? मी म्हणालो, नाही. मग एका बाईने विचारलं, स्वेटर? पोरांच्या अंगावर आहेत. मी म्हणालो, काहीही परत न्यायचं नाही. मग हा काऊन नेता, तिसऱ्याने विचारलं, आणि मला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. उतरेपर्यंत घामाने भिजलो होतो. स्टीलचे दोन्ही हंडे बाईने ठेवून घेतले, एक हातातला आणि एक कबूल केलेला. दुसरा कधी आणता, हे मुलीकडून तिथेच वदवून घेतलं.

येताना मुलीच्या मांडीवर गुंड होता. ती म्हणाली, काकाजी, तुम्ही चांगलं बोलले. मी म्हणालो, तू तोंड उघडलं नसतं तर बोलावंच लागलं नसतं. ती म्हणाली, मग गुंडही भेटला नसता. मी गाडी जोरात घेतली, म्हणजे बोलता येणार नाही.

घरी येऊन गुंड उजेडात पाहिला तेव्हा लक्षात आलं. भट्टीवरच्या बाईने तो विटेच्या भुकटीने घासला होता. माझ्याकडे ठेवला तेव्हा गळ्यापाशी काळा डाग होता, चांगला चार बोटं रुंद. तो गेला होता. गुंड नवा असल्यासारखा चमकत होता. म्हणजे तो जागचा हलला नाही, असं आता कोणालाही सांगता येणार नव्हतं. मी मुलीला बजावलं, बाईने विचारलं तर सांग, आम्ही घासून ठेवला. ती म्हणाली, खोटं काऊन बोलायचं? मी म्हणालो, मी शब्द दिला होता, तू नाही.

तेरवीनंतर दोन दिवसांनी वडनेरची बाई आली. मुलगा आणि त्याच्या एका मित्राने छोट्या मालगाडीतून पलंग उतरवला. पलंग धुतलेला होता, गादी उन्हात वाळवलेली होती, कळ फिरवून पाहिली तर नीट चालत होती. आजवर इतका स्वच्छ पलंग परत आला नव्हता. मी वहीत नोंद करत बसलो आणि शक्य तितका वेळ वर पाहिलं नाही. मुलीने रॅकवरून गुंड आणून तिच्यापुढे ठेवला.

बाई खाली बसली. गुंडाच्या गळ्यावरून हात फिरवला, जिथे डाग होता तिथे. नावावर बोट फिरवलं. मग म्हणाली, "कोनं घासला?"

मुलगी माझ्याकडे पाहायला लागली. मी तोंड उघडलं, आम्ही म्हणायला, आणि मला ते म्हणता आलं नाही. का ते ठाऊक नाही. तीन दिवसांपूर्वी विटांवर उभं राहून खरं बोललो होतो, त्याची सवय लागली असेल. मी सगळं सांगितलं. वाटला, परत आणला, भट्टीवरच्या बाईने घासला. शब्द माझ्याकडून मोडला, हेही म्हणालो.

ती म्हणाली, "ठाऊक आहे मले."

सुनेच्या मोबाईलवर ते रंगीत चित्र आलं होतं. घरात दुखवट्याची माणसं बसलेली, त्यात कोणीतरी मोठ्याने नावं वाचली आणि तिच्या मायचं नाव आलं. तीस वर्षांपूर्वी वारलेल्या बाईने हिंगणघाटला दान केलं, म्हणून घरचे चकित. ती एकटीच समजली की आपला गुंड गेला. आधी वाटलं, मी विकला. मग वाटलं, वाटून टाकला. काहीही असलं तरी आता मिळत नाही, एवढं तिने धरून घेतलं होतं.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "मंग पलंग काऊन आणला? अन् धुवून?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी त्या दिवशी तिच्या काळ्या गंजाकडे पाहिलं होतं.

"तो तुमचा होता म्हणून," ती म्हणाली. "आमचं मानूस पाच महिने त्यावर निजलं. ठेवून घेऊ काय?"

मग पदर सावरून उठली, गुंड काखेत घेतला आणि मुलीला म्हणाली, त्या भट्टीवरच्या बाईले सांगजो, डाग चांगला काढला, माह्याच्यानं कधी निघाला नाही. मला काहीच म्हणाली नाही. चहा घ्या म्हटलं, तर बस आहे म्हणाली. मुलगा तिला छोट्या गाडीतून नेणार होता. बस नव्हती.

त्या दिवसापासून मी चिडलेला आहे. एका बाईने भांड्याशिवाय पलंग आणला म्हणजे सगळे आणतील असं नाही, हे मी त्या मुलीला तीनदा सांगितलं. तिने प्रत्येक वेळी हो जी म्हटलं, जसं स्कूटरवर म्हणायची. वार्षिक कार्यक्रमात अध्यक्षांनी हा सगळा प्रसंग माइकवरून सांगितला, जुन्यांचा अनुभव आणि नव्यांचा प्रामाणिकपणा म्हणून, आणि त्यात विटांच्या थप्पीवर कोण चढलं होतं ते सांगायचं राहिलं. फलक तसाच आहे. मुलीने मध्यंतरी रंगवणाऱ्याला बोलावून माझं नाव घालायचं ठरवलं होतं, मी त्याला हाकलून दिलं. तिच्या सांगण्यावरून नको.

नियम तसाच आहे. पलंग हवा तर भांडं ठेवा. चिंध्याही परत आल्या, आता धुतलेल्या. बदल एवढाच, की कोणतं भांडं ठेवायचं ते घरची बाई ठरवते. ती जे पिशवीतून काढेल ते मी घेतो, घरी पाणी कशात भरता हे विचारत नाही. परवा एकीने प्लास्टिकचा मग ठेवला. फुटलेला. मी चिंधी बांधली, वहीत लिहिलं आणि पलंग दिला. मुलगी शेजारी उभी राहून बघत होती. तिला हसू येत होतं, ते मला दिसत होतं, आणि पलंग परत येईपर्यंत मला झोप नीट लागणार नाही, हे तिला ठाऊक होतं.